तेरवीचा फोटो

“ही कोन हाय?” सुचितानं विचारलं.

हर्षलनं मोबाइल बहिणीपुढं धरला होता. पडद्यावर पन्नाशीची एक बाई हसत होती. नितळ गाल, एका ओळीत दात, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू.

“आई हाय ना वं. आधार कार्डावरचा फोटो त्या ॲपमंदी टाकला. त्यानं साफ करून देल्ला.”

“साफ?” सुचिता पडद्यावर वाकली. “आईच्या ओठापाशी पांढरं होतं, ते कुठी गेलं?”

“ॲपले ते डाग वाटले.”

“अन् दात? आईचा समोरचा दात पडेल होता, हर्षल. हिचे तं सारेच शाबूत हायेत. टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई आणली तू घरात.”

 हर्षलनं मोबाइल ओट्यावर बसलेल्या वडिलांकडं नेला. “बाबा, तुमी पाहा. तुमाले समजते यातलं.”

बापूरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. गिऱ्हाइकाचा फोटो पाहावा तसा त्यांनी तो पाहिला. आधी डोळे, मग कान, मग मानेची रेघ.

“फोटो चांगला हाय,” ते म्हणाले. “कोनाच्याबी तेरवीले चालन.”

हर्षलनं मोबाइल खिशात टाकला, गाडीला किक मारली आणि कुठं जायचं ते न सांगता निघून गेला. सुचिता भिंतीकडं तोंड करून बसली.

केनवडच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच बापूरावांचं घर होतं. पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ, मागं वांगी, मेथी आणि झेंडूची बागाईत. त्या झेंडूतच सुचिता-हर्षलची आई, कस्तुराबाई गेल्या होत्या. दसऱ्याचा तोडा होऊन गेला होता, उरलेली फुलं रविवारच्या हारांसाठी तोडता तोडता त्या वाफ्यात खाली बसल्या आणि छातीवर हात ठेवला. ऑटो रिसोडच्या दवाखान्यापर्यंत पोचला, त्या पोचल्या नाहीत. त्याला आता आठवडा होत आला होता. वावर मात्र अजून केशरी पेटलेलं होतं. तोडायला कुणी गेलंच नव्हतं. काही फुलं झाडावरच काळी पडायला लागली होती.

आणि तेरवी जवळ आली होती. आमच्या या भागात तेरवीला कीर्तन असतं आणि कीर्तनाच्या आधी फोटो असतो. अंगणात मांडव, मांडवात पाट, पाटावर फोटो. आलेला माणूस आधी त्या फोटोपाशी जातो, फूल वाहतो, सवाष्ण गेली असेल तर बाया हळदीकुंकू लावतात, आणि मगच सतरंजीवर टेकतात. फोटोच नसेल तर आलेल्यानं हात कुणाला जोडायचे? गेलेल्या माणसाला शेवटचं तोंड दाखवायला दुसरी जागा नसते.

पंचक्रोशीतले हे फोटो आजवर बापूरावांनीच करून दिले होते. कुणाच्या लग्नाच्या पंगतीतून एखादं डोकं कापून काढायचं, निळ्या आभाळावर बसवायचं, जन्मभर बनियनवर वावरलेल्या म्हाताऱ्याला कोट चढवायचा. लोक म्हणत, बापूरावच्या हातून गेला की माणूस देखणा होऊन जातो. एवढी माणसं त्यांनी मार्गी लावली होती आणि मोठा करताच फुटणारा आधार कार्डावरचा तो पुसट ठसा सोडला तर घरच्या माणसाचा एक फोटो त्यांच्याजवळ नव्हता.

नव्हता म्हणजे काढूच दिला नव्हता. हर्षलच्या जन्मानंतर कस्तुराबाईंच्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उमटले. कोड. मग ओठाच्या कडेला, मग गालावर, एका पापणीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे दुसऱ्याला लागत नाही, यानं काही बिघडत नाही. पण डॉक्टर काही हळदीकुंकवाला येत नाहीत. तिथं बायका कस्तुराबाईंच्या कपाळाला बोट लावत नसत. चिमटीत कुंकू घ्यायच्या आणि वरून सोडून द्यायच्या, भाजीत मीठ टाकावं तसं. ते नाकावर सांडायचं. कस्तुराबाई हसून पदरानं पुसायच्या. मग एकदा एका मावशीनं भिंतीवरचा लग्नाचा फोटो पाहून म्हटलं, “केवढी गोरीगोमटी होती वं तू!” त्याच संध्याकाळी तो फोटो भिंतीवरून उतरून पेटीच्या तळाशी गेला. वर्षानुवर्षांच्या ओलीनं तो काचेला चिकटला. बापूरावांनी पुढं कधीतरी तो काढायला घेतला, तर कागद हातात आला आणि चेहरा काचेवर राहिला. काच पुसली तशी तोही गेला.

लग्नाकार्यात मोबाइल निघाले की कस्तुराबाईंना स्वयंपाकघरात काम आठवायचं. त्यांची हक्काची जागा एकच होती, कीर्तन. खांबाच्या मागं बसायच्या, पण टाळी सगळ्यांत वरची त्यांची. सुचितानं एकदा विचारलं होतं, “आई, तुले एवढं काय आवडते त्याच्यात?” तर म्हणाल्या, “तिथी सारे डोये मिटून असतात माय. कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहत नाई.”

*

रविवारी बापूराव तळ्यावर गेले.

कमळेश्वराचं तळं गावाला लागूनच. पूर्वी तिथं सोमवारी चार म्हाताऱ्या आणि एरवी गुरं यायची. मग कुणीतरी कमळांचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि रविवारी वाशीम, रिसोड, मेहकरच्या गाड्या लागायला लागल्या. आलूबोंड्याची गाडी आली, बर्फगोळा आला, गोविंदसिंगची पायडलची नाव आली, रंगीत अक्षरांची कमान आली. लग्नाच्या ऑर्डरी तरुण पोरांनी नेल्यावर बापूरावही कॅमेरा आणि छोटा प्रिंटर घेऊन तिथंच उभे राहू लागले. मागं कळस, मधे कमळं, पुढं माणसं. सगळ्यांना तोच फोटो हवा असायचा. कस्तुराबाई खालच्या पायरीवर झेंडूचे हार घेऊन बसायच्या.

बापूराव फुलं-मुंग्यांसारख्या बारीक गोष्टींचे फोटो काढू लागले ते त्यांच्यामुळं. एका रात्री कीर्तनाहून आल्या आणि चूल सारवता सारवता सांगू लागल्या, “महाराज मनत होते, देवळात गर्दी कळसापाशी असते. अन् देव पायरीवर बसेल असते, कोनाचा पाय पडू नये मनून अंग चोरून.” पुढच्या रविवारी ऐन गर्दीत त्यांनी हाक मारली, “अजी, इकडं या. खाली बसा.”

“गिऱ्हाईक हाय ना वं.”

“बसा मनलं ना. गिऱ्हाईक काई उडून जात नाई, हे जाईन.”

पायरीच्या फटीत मोहरीएवढं गवतफूल होतं आणि त्यावर नखाएवढं निळं फुलपाखरू. भोवती चपला, बूट, सांडलेला बर्फगोळा. कस्तुराबाईंनी टोपली सरकवून आडोसा केला. कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाला गर्दी ढकलते, टोपली घेऊन बसलेल्या बाईला वळसा घालते. हे त्यांना ठाऊक होतं. मग पदर पसरून त्यांनी ऊन अडवलं, वारा अडवला आणि दोन बोटांनी फुलाचा देठ धरला.

“काढा लवकर. हात भरून आला.”

“बोट येऊन राह्यलं फोटोत.”

“येऊ द्या. दुकानात कापताच ना साऱ्या दुनियेले, मलेबी कापजा.”

तेव्हापासून रविवारचं हे ठरूनच गेलं. त्या शोधायच्या, ते बटण दाबायचे. कमळाच्या पाठीवर बसलेला चतुर. नंदीच्या कानात जाळं विणणारा कोळी. वाहिलेल्या बेलाच्या पानावरून साखरेचा कण नेणारी मुंगी. आणि घरी आल्यावर बापूराव ते फोटो कापायचे. पासपोर्ट फोटोवर हात बसलेला माणूस. चेहऱ्याशेजारी परक्या खांद्याची कड जरी आली तरी ऑफिसवाले फोटो परत पाठवतात. तेव्हा बोट दिसलं की काप, बांगडी दिसली की काप, पदराची कड दिसली की काप. राहायचं ते नेमकं फूल, नेमकी मुंगी. ते प्रिंट त्यांनी प्रिंटरशेजारी दोरीला अडकवले होते. वाशीमकडची शिकलेली मंडळी थांबून पाहायची. “इथलंच? एवढ्या गर्दीत हे कुठं सापडलं हो तुम्हाला?”

“मले नाई सापडत,” बापूराव म्हणायचे. “बाईले सापडते.”

बाई तेव्हा तोंडावर पदर घेऊन दुसरीकडं पाहत असायची.

एकदाच त्यांनी कॅमेरा फुलावरून हळूच वर नेला होता. कस्तुराबाईंना ते कळलं. त्या ओरडल्या नाहीत. टोपली उचलून दूर जाऊन बसल्या आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “लोक पाहतात तं पाहतात. तुमीबी?” बापूरावांनी तो फोटो त्यांच्या देखत पुसला. पुन्हा म्हणून कॅमेरा वर गेला नाही. या नवरात्रात मात्र हार ओवता ओवता त्या आपणहून बोलल्या होत्या, “दिवाळीले सुचिता आली का एक काढू सारे मिळून. मले मंदात नका ठेवजा. कडेले ठेवजा.”

बापूराव “बरं” म्हणाले होते. दिवाळी तर आता तोंडावर होती.

सुतक असल्यानं त्यांना देवळाची पायरी चढायची नव्हती. ते खालीच थांबले. बेलफूल विकणारी भागिरथा आजी तिथंच होती. कस्तुराबाईंच्या शेजारी तिनं सारी वर्षं काढली होती.

“आले का बापूराव? बसा. तिच्या जाग्यावर बसा. म्या कोनाले बसू देल्लं नाई. एक पोट्टा आला होता पोंगे विकाले, त्याले काठी दाखवली.”

बापूराव बसले. कशासाठी आलो ते सांगितलं. एवढी माणसं इथं येतात, एवढे फोटो काढतात. कुणाच्या तरी फोटोत मागं, कडेला कस्तुरा आली असेल. तोंड दिसलं की पुरे. पुढचं ते करून घेतील.

भागिरथानं आपल्या तोंडाला हात लावला. “माह्यापाशी तं मोबाइलच नाई बाप्पा. ओ गोविंदसिंग! नाव राहू दे तिकडं, इकडं ये!”

गोविंदसिंग ओल्या चपलांनी आला. नावेवरच्या गमती तो दर रविवारी मोबाइलवर टाकायचा. त्याच्याजवळ व्हिडिओंचा खच होता. त्यानं बापूरावांच्या शेजारी उकिडवं बसून एकेक काढायला सुरुवात केली.

“हे पाहा भाऊ, वयनी इथी हायेत.”

कस्तुराबाईंची पाठ होती.

“इथी पाहा.”

पदर होता. पदराखाली हनुवटीसुद्धा नव्हती.

“हे श्रावणातलं. इथी तं समोरच हायेत.”

समोर होत्या, पण नेमक्या टोपलीत वाकलेल्या. गोविंदसिंग पुढं सरकवत राहिला. नवरानवरी नावेत बसत होते, पोरं पाणी उडवत होती, कुणाची टोपी वाऱ्यानं जात होती, आणि प्रत्येक ठिकाणी कडेला कुठंतरी ती हिरवी किंवा जांभळी पाठ.

“थांब!” बापूराव म्हणाले.

एका व्हिडिओत कस्तुराबाई वळल्या होत्या. कुणीतरी हार मागितला असावा. त्या वळतात, मान वर होते, गर्दीतून ऊन त्यांच्यावर येतं. गोविंदसिंगनं व्हिडिओ अडवला. थोडा मागं घेतला. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.  मान वर होते आणि त्याच वेळी हात वर येतो, हातातला झेंडूचा हार वर येतो, आणि जिथं तोंड असायला हवं तिथं केशरी फुलं. हार गिऱ्हाइकाच्या हाती जातो तोवर पदर खाली आलेला असतो.

गोविंदसिंगनं तो तुकडा अजून दोन-तीनदा पाहिला. मग मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

“वयनी लय हुशार, भाऊ. कॅमेरा कुठून येऊन राह्यला ते त्याइले आंधीच समजे.”

“कॅमेरावाल्यासंग जन्म गेला तिचा,” भागिरथा म्हणाली. “समजीन नाई तं काय.”

गोविंदसिंगला नावेवरून हाका येत होत्या. तो बापूरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि गेला.

बापूराव तिथंच बसून राहिले. खालच्या पायरीवरून माणसं दिसत नव्हती, पाय दिसत होते. नेलपॉलिश लावलेले, भेगाळलेले, नव्या बुटांतले. ही एवढीशी उंची. इथून ती सारं पाहायची. आणि इथूनच त्यांना ते दिसलं. पायरीला टेकलेल्या कमळपानावर पाण्याचा एक थेंब होता, हरभऱ्याएवढा, आणि त्या थेंबात देऊळ, कमान, माणसं, सगळी जत्रा उलटी लटकली होती.

हाताच्या सवयीनं कॅमेरा निघाला. त्यांनी कोपर पायरीवर टेकवलं. वाऱ्यानं पान डुललं. त्यांनी वाट पाहिली. पान थांबलं तर कुणाचा तरी पाय आडवा आला. तो गेला आणि ऊन नेमकं थेंबावर पडलं. बटण दाबलं तर नुसता डोळे दिपवणारा पांढरा ठिपका.

“थोडी डावीकडं ये,” बापूराव म्हणाले.

पानं ओवत असलेल्या भागिरथाचा हात थांबला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

बापूरावांनी कॅमेरा खाली घेतला. सावली कुठून येणार होती? ते बराच वेळ त्या पानाकडं पाहत राहिले. गर्दी त्यांना ढकलत होती. टोपली नसलेल्या माणसाला वळसा कोण घालतो? मग एकाएकी ते उठले, चपला हातातच घेऊन घराकडं निघाले.

*

स्टुडिओचं शटर अर्धं वर करून त्यांनी कॉम्प्युटर लावला. कापलेले फोटो एकीकडं होते, मूळचे, न कापलेले, दुसरीकडं. मूळ फोटो पुसायचा नाही ही धंद्याची शिस्त. गिऱ्हाईक कधी परत येईल सांगता येत नाही. पण एकदा कापल्यावर त्यांनी ते मूळ फोटो परत उघडूनही पाहिले नव्हते.

ते एकेक उघडत गेले.

निळ्या फुलपाखराच्या खाली दोन बोटं होती. चतुराच्या मागं हिरव्या काचेची बांगडी, तडा गेलेली. मुंगीवर, बेलाच्या पानावर, सगळ्या पायरीवर एक सावली होती, आणि सावलीला डोक्याचा गोल होता, पसरलेल्या हाताची रेघ होती. कोळ्याच्या जाळ्यामागं जांभळी धूसर कड, पदराची. एकही फोटो तिच्यावाचून नव्हता. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे असतात. लोक बुवांचं तोंड पाहतात, बुवांचंच नाव घेऊन घरी जातात. पण मागचे टाळ थांबले की कळतं, अभंग कुणाच्या खांद्यावर उभा होता.

एका फोटोपाशी ते थांबले. मागच्या वर्षीचा, असाच कमळपानावरचा थेंब. थेंबात काहीतरी केशरी होतं. त्यांनी मोठं केलं. पदर पसरून वाकलेली बाई, उलटी, तांदळाएवढी. पदर डोक्यावरून मागं सरकलेला होता, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. तोंड उघडं होतं.

बापूराव खुर्चीत पुढं आले. अजून मोठं केलं. कपाळ. अजून. डोळ्याच्या जागी काहीतरी काळसर. अजून. आणि मग चेहऱ्याचे चौकोन झाले, तपकिरी, पांढरे, केशरी. त्यांनी लहान केलं, पुन्हा मोठं केलं. सुचिता चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर नुसते रंगाचे चौकोन होते आणि बाबा त्यांच्याकडं टक लावून बसले होते.

“काय पाहून राह्यले, बाबा?”

“तुह्यी आई.”

तिनं पडद्याकडं पाहिलं. तिला चौकोनच दिसले. बापूरावांनी फोटो पूर्ण लहान केला, तेव्हा तिला पान दिसलं, थेंब दिसला, आणि पानाची कड धरलेली दोन बोटं दिसली. टोकांना पांढरी. नखापासून पहिल्या पेरापर्यंत पांढरी, आणि तिथून पुढं सावळी, उन्हानं रापलेली, विळ्याचा जुना वण असलेली.

चहा तसाच टेबलावर राहिला. त्याच्यावर साय धरली.

*

संघपालचं रिसोडला फोटो छापायचं आणि फ्रेमचं दुकान होतं. बापूरावांचे मोठे प्रिंट तोच करायचा.

“जय भीम, बापूभाऊ. बसा.” तो उठून उभा राहिला. “वयनीचं आयकलं. येणारच होतो.”

“जय भीम.” बापूरावांनी पेनड्राइव्ह दिला. “मोठा काढ. फ्रेम लाकडाची लाव.”

संघपालनं फोटो उघडला आणि माउस नेऊन त्यानं बोटांच्या बाजूनं रेघ ओढायला घेतली. इतकी वर्षं बापूरावांचे फोटो त्याच्याकडं कापूनच येत होते. “इथून कापू ना?”

“पान काप,” बापूराव म्हणाले. “थेंब कापला तरी चालन. बोट नोको कापू.”

संघपालचा हात माउसवर थांबला. त्यानं एकदा पडद्याकडं, एकदा बापूरावांकडं पाहिलं. मग फोटो तसाच, पूर्ण, छापायला लावला.

घरी मात्र हर्षल भडकला. “हा फोटो? बाबा, लोक काय मनतील? गावभराचे फोटो केले तुमी अन् माह्या आईच्या तेरवीले पान ठेवता? मानूसच नाई याच्यात!”

“हाय.”

“कुठी हाय? दोन बोटं? अन् तेबी...” तो अडखळला. “जे जन्मभर लपवलं ते फ्रेम करून मांडता का आता?”

 ते खरंच होतं. तिनं विचारल्याशिवाय फोटो काढू दिला नव्हता आणि आता विचारायला ती नव्हती. बापूराव फ्रेम मांडीवर घेऊन बसून राहिले.

“तोंड लपवलं तिनं, हर्षल,” शेवटी सुचिता म्हणाली. “हात नाई लपवला कधी. त्याच हातानं तुले घास भरवला ना? तुवा कधी मनलं का, नोको मनून?”

हर्षल बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं मांडवाचे बांबू रोवण्याचा आवाज येऊ लागला.

*

तेरवीच्या दिवशी सकाळी भागिरथा आजी सगळ्यांच्या आधी आली. कुणाला न सांगता तिनं मागच्या वावरातून झेंडू तोडून आणला होता. काळी पडलेली फुलं बाजूला काढून ओट्यावरच हार ओवला आणि पाटाजवळ गेली. तिला दूरचं दिसत नव्हतं. फ्रेमजवळ नाक नेऊन तिनं पाहिलं.

“कस्तुराच हाय,” ती म्हणाली. “याच बोटानं भाकर मोडून देत जाय मले.” आणि तिनं हार घातला.

माणसं येऊ लागली. पाटापाशी थबकायची, चेहरा शोधायची, एकमेकांकडं पाहायची. कुणीतरी पुटपुटलं, “फोटो बदलला का काय?” हर्षल मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून मांडवाच्या दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. महाराज आले. त्यांनी फोटोकडं बराच वेळ पाहिलं आणि दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार केला. टाळकरी मागं उभे राहिले. मग बायांची बारी आली.

पहिलं कुंकू मुलीचं. सुचिता ताटली घेऊन पाटासमोर बसली. बोट कुंकवात बुडवलं आणि ते हवेतच राहिलं. फोटोला कपाळ नव्हतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “कुठी लावू?”

मागं बाया उभ्या होत्या. त्यांच्यात त्याही होत्या, ज्यांचं कुंकू कस्तुराबाईंच्या नाकावर सांडत असे.

 बापूरावांनी नुसतं फोटोकडं पाहिलं.

सुचितानं आपलं बोट काचेवर टेकवलं, आईच्या बोटाच्या पांढऱ्या टोकावर. टेकवून धरलं. उचललं तेव्हा तिथं लाल गोल उमटला होता. ती उठली.

तिच्या मागची बाई पुढं आली. सवयीनं तिनं चिमूट भरली, सोडायला हात वर नेला. आणि तिथंच थांबली. चिमूट ताटलीत परत सोडली, बोट कुंकवात बुडवलं आणि वाकून काचेवर टेकवलं. तिच्या मागची आली. तिच्या मागची. टाळ वाजू लागले होते.

कीर्तन संपलं, पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला. हर्षल फडकं घेऊन पाटापाशी बसला. काचेवर कुंकवाचा थर बसला होता. पान दिसत होतं, थेंब दिसत होता. बोटाचं पांढरं टोक कुठं होतं ते आता कळत नव्हतं. त्यानं फडकं काचेजवळ नेलं आणि वडिलांकडं पाहिलं.

“राहू दे,” बापूराव म्हणाले.

हर्षलनं फडकं घडी करून खिशात ठेवलं.